पंधरावी पायरी

नदी ही सगळ्यांची आई असते, असं मोठ्या मनाच्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. या नदीच्या मुखाशी राहणाऱ्या तिच्या लेकरांचं मात्र एकमेकांशी बोलणं नव्हतं.

मच्छीमार आळी लाँचवाल्यांशी बोलत नसे, कारण दोन महिन्यांपूर्वी लाँचच्या पंख्यात आळीची जाळी गुरफटून फाटली होती. मिठागरवाले आळीशी बोलत नसत, कारण आळीची गुरं मिठागराच्या बांधावरून जात आणि बांध ढासळत. लाँचवाले मिठागरवाल्यांशी का बोलत नसत हे दोघांनाही आठवत नव्हतं, पण म्हणून काही कोणी बोलायला सुरुवात करत नसतं. राहता राहिलं वरचं शहर. त्याचा नदीशी संबंध सांडपाणी सोडण्यापुरताच होता आणि तो त्यांनी इमानानं टिकवला होता.

या सगळ्यांना एकमुखानं मान्य असलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे काठीमास्तरांच्या काठ्या.

नदी जिथं समुद्राला मिळते तिथं पाण्याखाली रेतीचा दांडा असतो आणि दर पावसाळ्यात तो कूस बदलतो. गेल्या वर्षी जिथून नाव जायची तिथं यंदा बगळे उभे राहू शकतात. म्हणून पावसाळा सरला की बंदर कचेरीचे मोजणीदार, म्हणजे काठीमास्तर, फुटांच्या खुणा केलेला बांबू घेऊन सपाट होडीतून निघत, दर चारसहा फुटांवर तळ चाचपत आणि खोल पाण्याची वाट सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवत. डावीकडच्या काठीला लाल फडकं, उजवीकडच्या काठीला पांढरं. मधून जायचं. त्याला अक्कल लागत नाही, हीच त्या काठ्यांची थोरवी होती. तीस वर्षांत मास्तरांच्या काठ्यांमधून गेलेली एकही नाव रेतीला लागली नव्हती. हे वाक्य मास्तर स्वतः महिन्यातून चारपाच वेळा म्हणत, उगाच लोकांच्या विसरण्यात जायला नको म्हणून.

या कामात एकच मेख होती. बांबूवर दिसते ती त्या घटकेची खोली. खरा प्रश्न असतो तो ऐन ओहोटीला तिथं किती पाणी उरेल, हा. त्यासाठी कचेरीनं भरती-ओहोटीच्या वेळांचं आणि उंचीचं छापील पुस्तक दिलं होतं. मास्तरांनी ते कपाटावर ठेवलं होतं, आणि कपाटाला ते शोभतही होतं. "छापून आलं म्हणून नदी ऐकते का?" असं ते म्हणत. त्यांची रीत वेगळी होती. धक्क्याच्या दगडी पायऱ्या बरोबर एकेक फुटाच्या. निघताना वरून मोजायला लागायचं आणि पाण्याच्या वर किती पायऱ्या कोरड्या आहेत ते पाहायचं. वर्षातल्या सगळ्यात खोल ओहोटीला बारा पायऱ्या उघड्या पडतात. आज सात उघड्या असतील तर पाणी अजून पाच फूट उतरणार. बांबूनं दाखवलेल्या खोलीतून पाच वजा केले की झालं. तीस वर्षं ही वजाबाकी चुकली नव्हती.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला मास्तर धक्क्यावर येऊन बसले होते ते कामासाठी नव्हे. पलीकडच्या तीरावर, मुखाबाहेरच्या गावी दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी बाराच्या लाँचनं येणार होती. आठवा महिना चालू होता. बाळंतपण इथंच करायचं ठरलं होतं, आणि मास्तरांच्या बायकोनं छत्री, पाण्याची बाटली आणि पाठीला टेकायला उशी असा सरंजाम देऊन त्यांना दोन तास आधीच घराबाहेर काढलं होतं. "अहो, घरात येरझाऱ्या घालून मला चक्कर आणू नका, तिथं जाऊन घाला," असं म्हणून.

वारा होता. फार नाही, पण होता. धक्का झाडणारी मावशी खालच्या पायरीवरून एकेक पायरी वर येत होती, आणि वारा तिच्यामागोमाग कचरा पुन्हा पसरत येत होता.

"मास्तर, पाय उचला."

"मावशी, वारा बघा की. झाडून उपयोग काय?"

"उपयोग बघायला मी काय साहेब आहे? पंधरांतल्या पाण्याबाहेर असतील तेवढ्या झाडायच्या म्हणजे झाडायच्या."

"चौदा," मास्तर म्हणाले. सवयीनं. दुसऱ्याची चूक दिसली की त्यांना बरं वाटे.

"पंधरा."

"मावशी, मी तीस वर्षं या पायऱ्या मोजतोय."

"आणि मी झाडतेय. मोजणाऱ्यापेक्षा झाडणाऱ्याची कंबर जास्त खरं बोलते." मावशीनं झाडू उलटा धरून त्याच्या दांड्यानं सगळ्यात वरच्या पायरीवर ठकठक केलं. "ही नवी. सुशोभीकरण झालं ना, तेव्हाची. पाहुण्यांच्या खुर्च्या उंचावर दिसायला हव्यात म्हणून धक्काच फूटभर वर उचलला आणि ही वर चढवली. तोच दगड, तोच रंग. मला विचारलं का कोणी, की बाई, तुझ्या कंबरेला चालेल का?"

मास्तर हसले. मग हसू तोंडावर तसंच ठेवून त्यांनी मान वळवली आणि वरून मोजायला सुरुवात केली. मग खालून मोजलं. मग उठून, प्रत्येक पायरीवर पाय ठेवत, ज्या दिसत होत्या त्या बघून आणि ज्या पाण्यात होत्या त्या आठवून मोजलं. सुशोभीकरण झालं महिन्यापूर्वी. काठ्या रोवल्या बारा दिवसांपूर्वी.

काठ्या रोवल्या त्या दिवशी सात पायऱ्या कोरड्या होत्या. सातांतली एक पाहुण्यांची होती.

म्हणजे खऱ्या सहाच. म्हणजे पाणी पाच नव्हे, सहा फूट उतरणार होतं. काठ्यांच्या वाटेतल्या सगळ्यात उथळ जागी त्यांनी ऐन ओहोटीला चार फूट पाणी धरलं होतं. तिथं तीनच उरणार होतं. लाँचला साडेतीन लागतं. वर्षातल्या अगदी खोल ओहोट्या मोजून दोनतीन, आणि त्यातली पहिली आज होती, दुपारी सव्वाबाराला. लाँच पलीकडून साडेअकराला सुटते आणि बाराच्या आधी पाच मिनिटं काठ्यांमध्ये शिरते.

मास्तरांनी तीच वजाबाकी बोटांवर पुन्हा केली. उत्तर तेच आलं.

रेतीला लागणं यात तसं वाईट काही नसतं. नाव रेतीला लागलेली आणि मागून लाट येतेय, हे वाईट. मास्तरांच्या आधीच्या मोजणीदाराच्या वेळी एक पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, असाच दांड्यावर बसला होता. मागून लाटा आल्या, पडाव आडवा झाला. बहुतेक माणसं वाचली. मोजणीदार तर काठावरच होता, त्याला काहीच झालं नाही. फक्त त्यानंतर त्याला नावानं कोणी हाक मारली नाही. "तो" म्हणत. तो मरेपर्यंत "तो"च राहिला, आणि मास्तरांना त्याचं खरं नाव आजही माहीत नव्हतं. ते वाऱ्याकडे बघत उभे राहिले. मघाचा होता तेवढाच होता, पण आता तो त्यांच्याचसाठी आल्यासारखा वाटत होता.

त्यांनी मुलीला फोन लावला. तिनं पहिल्या घंटेला उचलला.

"बाबा, पटकन बोला, चार टक्के बॅटरी आहे."

"हो, अगं..." मास्तरांनी श्वास घेतला. सांगायचं वाक्य साधं होतं. माझी मोजणी चुकली आहे, लाँचमध्ये बसू नकोस. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथं नेमकी तीस वर्षं आडवी पडली होती. "नाश्ता केलास का?"

"केला."

"बाराच्या लाँचनंच येतेस का? नाही म्हणजे, तीनचीही असते."

"तुम्हीच बाराची सांगितलीत ना? मी धक्क्यावर येऊन बसलेय. का, काय झालं?"

"काही नाही. वारा आहे जरा."

"मग काय बुडेल का लाँच?" ती हसली. "तुमच्या काठ्या आहेत की."

आणि चार टक्के संपले. मास्तरांनी पुन्हा लावला तेव्हा एका बाईनं अत्यंत सभ्य आवाजात सांगितलं की हा ग्राहक उपलब्ध नाही. मग त्यांनी लाँचच्या सारंगाला लावला. सारंग म्हणजे लाँचचं सुकाणू धरणारा. त्याचा फोन दोनदा पाण्यात पडल्यापासून तो प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा इंजिनाशेजारी ठेवत असे. फोन सुखरूप होता. तो वाजतो हे फक्त करणाऱ्याला कळे. मास्तरांनी सात वेळा केला.

सव्वादहाला ते बंदर कचेरीचा जिना चढत होते. साहेब तरुण होता, हसतमुख होता आणि नदीवर एकदाच गेला होता, तेही फोटोसाठी.

"या मास्तर! आज सुट्टी टाकलीत ना?"

"साहेब, बाराची लाँच दोन तास थांबवता येईल का?"

"का नाही? लगेच." साहेबानं संगणकाकडे खुर्ची फिरवली. "कारण काय घालू?"

"कारण असं नाही. वारा आहे."

"वाऱ्याला वेग लागतो. ताशी चाळीसच्या खाली ते घेतच नाही." साहेबानं पडदा मास्तरांकडे वळवला. "हे बघा, चारच पर्याय आहेत. वादळ, इंजिन बिघाड, मान्यवरांचा दौरा आणि इतर. इतर निवडलं तर कारण निदान पन्नास अक्षरांत लिहावं लागतं आणि खाली जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव."

"इतर," मास्तर म्हणाले, आणि पन्नास अक्षरांत काय बसतं याचा विचार करू लागले. 'मोजणी चुकली' याला तेवढी लागत नव्हती. उरलेल्या अक्षरांत काय घालायचं? माफी?

"पण थांबा," साहेब म्हणाला. "ॲपवर बघू ना. अहो, भरपूर पाणी आहे! ऐन ओहोटीला चार फूट. लाँचला साडेतीन पुरतं. हिरवं दाखवतंय."

"ॲपला कोण सांगतं चार फूट?"

"तुम्हीच. तुमचेच आकडे भरतो आम्ही."

"आणि ते चुकले असले तर?"

साहेब मनापासून हसला. "तुमचे? मास्तर, नवीन लोकांच्या प्रशिक्षणात तुमचा फोटो आहे. अचूकता या शब्दाखाली."

 मास्तर "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. खाली येऊन नळावर तोंड धुतलं. रस्त्यावरून एक बाई गाडीत बाळ घालून ढकलत चालली होती, आणि बाळ मास्तरांकडे असं बघत होतं की जणू त्याला सगळी वजाबाकी कळलेली आहे. मास्तरांनी दहा मिनिटं स्वतःशी वाद घातला. वादात दोन्ही बाजू त्यांच्याच होत्या आणि दोन्ही हरत होत्या. शेवटी ते पुन्हा जिना चढले, या वेळी दोन दोन पायऱ्या एका दमात, आणि वर पोचेपर्यंत अक्षरंसुद्धा मोजून तयार ठेवली.

दाराला कुलूप होतं. शिपायानं सांगितलं, साहेब शहरात मीटिंगला गेले, आत्ताच गेले, तुम्ही नळावर होता तेव्हा. साहेबांचा फोन मीटिंगमध्ये उचलला जात नसे, आणि तो कायम मीटिंगमध्येच असे.

अकराला दहा कमी होते.

मच्छीमार आळीत शिरताना मास्तरांनी उशी काखेत आणि छत्री हातात धरली होती. दोन्ही कुठं तरी ठेवावं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आळीच्या तोंडाशी अक्का जाळं विणत बसली होती. आळीत कोणाचं लग्न ठरावं, कोणाची होडी कधी निघावी आणि कोणाशी बोलायचं नाही हे अक्का ठरवत असे.

"मास्तर! उशी घेऊन कुठं? घरातून काढलं काय वहिनींनी?"

"अक्का, तुमची मोटारहोडी हवी होती. आत्ता. लाँचला अडवायचंय."

अक्काचे हात थांबले. "का?"

मास्तरांनी आळीकडे पाहिलं. पाचसहा बायका, दोन म्हातारे, एक मांजर. सगळे ऐकत होते, मांजर विशेष लक्ष देऊन. "माझी पायरी चुकली," ते म्हणाले. मग त्यांना सगळंच सांगावं लागलं: पाहुण्यांच्या खुर्च्या, सहा आणि सात, चाराचे तीन. सांगून झालं तेव्हा त्यांचे कान तापले होते आणि ते जमिनीकडे बघत होते. तीस वर्षं म्हणजे काय, ती पाच मिनिटांत संपतात.

आळीत कोणी दचकलं नाही.

"ते होय," अक्का म्हणाली. "ते आम्हाला परवाच कळलं. आमच्या थोरल्याची होडी घासली मधे. तेव्हापासून आमची माणसं लाल काठ्यांच्या बाहेरून जातात, तिकडं पाणी आहे."

मास्तरांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "परवा? मग मला सांगितलं का नाहीत?"

अक्का जराशी अवघडली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अहो, पण लाँचला?"

"लाँचवाल्यांशी आमचं बोलणं नाही." हे अक्कानं असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की समुद्र खारट आहे. मग तिनं मास्तरांच्या काखेतली उशी पाहिली. आणि छत्री. "लाँचमध्ये कोण आहे?"

"मुलगी. आठवा चालू आहे."

अक्का उठली. जाळं तिच्या मांडीवरून घरंगळलं. "थोरल्या!" तिनं हाक मारली. ती हाक पलीकडच्या तीरापर्यंत पोचली असती तर पुढचं काहीच करावं लागलं नसतं.

थोरला, म्हणजे अक्काचा पन्नाशीतला मुलगा, तेल भरेपर्यंत सव्वाअकरा झाले. इंजिन सुरू होईपर्यंत साडेअकरा. होडी सुटणार तोच बांधावरून मिठागराचा मुकादम धावत आला. "मास्तर! आळीच्या होडीत तुम्ही? काय झालं?"

"लाँच रेतीला लागणार आहे. काठ्या चुकल्यात."

"म्हणजे अजून कोणी सांगितलं नाही लाँचला?" मुकादम म्हणाला. "काल आमचा मिठाचा पडाव टेकला की तिथं. बांबू लावून ढकलला. मला वाटलं आळीवाल्यांनी सांगितलं असेल. जाळ्याच्या भानगडीत त्यांचं लाँचवाल्यांशी रोज बोलणं होत असेल ना, भांडणाचं तरी."

 मास्तरांनी मुकादमाला दंडाला धरून होडीत ओढलं. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या झाडून सगळ्या माणसांना त्यांची चूक ठाऊक होती. जिला ठाऊक असायला हवं होतं, ती तेवढी ठाऊक नसलेल्या माणसांत बसून येत होती.

होडी ओहोटीबरोबर मुखाकडे निघाली. पाणी इतकं खाली गेलं होतं की दोन्ही काठांचे चिखल उघडे पडून चमकत होते. अक्का पुढं बसली होती, मुकादम मागं, आणि दोघांचं बोलणं नसल्यामुळं मधे मास्तर.

"मास्तर, त्यांना सांगा," अक्का म्हणाली, "पडाव टेकला तेव्हा बोंब मारली असती तर ही वेळ आली नसती."

मास्तरांनी मागं वळून पाहिलं. मुकादमानं ऐकलेलं होतंच. "अक्कांना म्हणावं, होडी आधी कोणाची घासली?"

"म्हणावं, गुरांवरून कोर्टात जाणाऱ्यांना आम्ही होडीचं सांगायला जायचं होय?"

"म्हणावं, गुरं..."

"गप्प बसा हो दोघं!" मास्तर ओरडले. तीस वर्षांत ते पहिल्यांदाच कोणावर ओरडले होते. दोघंही गप्प झाले, आणि मग फक्त इंजिन ऐकू येऊ लागलं. त्यापेक्षा भांडण बरं होतं असं मास्तरांना लगेच वाटलं.

पुढं लाँच दिसली. पांढरी, नीटस, काठ्यांच्या तोंडाशी. तिच्यामागं, समुद्राच्या बाजूला, लाटांची पांढरी रेघ होती. रेघ मोठी होती की नेहमीचीच, हे मास्तरांना कळेना. रोज बघितलेली गोष्ट घाबरलेला माणूस पहिल्यांदा बघतो.

"थांब!" मास्तर छत्री उघडून हलवू लागले. मुकादमानं सदरा काढून फडकवला. अक्का होडीच्या पुढच्या टोकावर उभी राहिली, तिनं वल्हं उचललं, डोक्यावर धरलं आणि सगळं बळ एकवटून हाक मारली, "अरे थांब रे!"

सारंगानं पाहिलं. त्यानं काय पाहिलं ते त्यानं नंतर सगळ्यांना सांगितलं. त्यानं पाहिलं की जिची जाळी त्यानं फाडली ती अक्का डोक्यावर वल्हं घेऊन येतेय, तिच्यामागं एक उघडा माणूस आहे, आणि दोघांच्या मधे ओलीस धरल्यासारखे काठीमास्तर छत्री हलवत आहेत. सारंगानं तेच केलं जे कोणत्याही शहाण्या माणसानं केलं असतं. त्यानं वेग वाढवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुठंही खोट काढायला जागा नको म्हणून, लाँच लाल आणि पांढऱ्या काठ्यांच्या बरोबर मधोमध धरली.

आवाज फारसा झाला नाही. लाँचच्या नाकानं किंचित मान खाली घातली, पाण्यातून पिवळट गढूळ ढग वर आला आणि ती थांबली, म्हणजे कचेरीत कागद थांबतो तशी: आपण जोरात पुढं चाललो आहोत असा आवाज चालू ठेवून. मग इंजिनही बंद पडलं.

मास्तर होडी थांबायच्या आत पाण्यात उतरले. पाणी कमरेला लागलं. हातात होडीतला बांबू होता. तो कधी उचलला ते त्यांना आठवत नव्हतं. सवयीनं त्यांनी तो टेकवला आणि नजरेनंच मोजला. बरोबर तीन फूट. त्यांच्या नोकरीतली ही सगळ्यात अचूक मोजणी होती.

मग त्यांनी समुद्राकडे पाहिलं. लाट येत होती. त्यांनी बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला, जणू लाट बांबूला घाबरणार होती. लाँच किंचित डावीकडं कलली. आतून कोणीतरी "अगंबाई" म्हणालं. लाट आली. मास्तरांच्या छातीपर्यंत पाणी चढलं, उतरलं. दुसरी आली. ती छातीपर्यंतही आली नाही. तिसरीची ते वाट बघत राहिले. दातांवर दात दाबून, डोळे न मिटता.

"बाबा?"

मुलगी कठड्याला धरून वरून वाकून बघत होती. खांद्याला पिशवी होती, कपाळावर आठी होती. "बाबा, तुम्ही पाण्यात काय करताय?"

"तू हलू नकोस. आपल्याला तुला होडीत घ्यायचंय."

"कशाला?"

"माझी मोजणी चुकली," मास्तर म्हणाले. लाँचमधले बावीस लोक ऐकत होते. या वेळी वाक्य आपोआप बाहेर आलं, त्याला कुठं अडलं नाही. "इथं चार फूट पाणी लिहिलंय मी. तीनच आहे."

"मास्तर, मी बरोबर मधून आलो होतो हां," सारंग वरून म्हणाला. "तुम्ही बघितलंत. माझी चूक नाही."

"अरे गाढवा, मी थांब म्हणून ओरडत होते!" अक्का म्हणाली. दोन महिन्यांत लाँचवाल्याला उद्देशून तिनं उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"मला वाटलं मारायला आलात."

"ते नंतर बघू."

मुलगी हे काही ऐकत नव्हती. ती बापाकडे बघत होती. "तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी. दहाच्या सुमाराला."

"म्हणजे फोन केलात तेव्हा माहीत होतं."

मास्तरांनी बांबू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुझे चारच टक्के होते."

"चार टक्क्यांत 'येऊ नकोस' मावतं, बाबा. तुम्ही मला नाश्ता केलास का विचारलंत."

 मास्तर कमरेएवढ्या पाण्यात तसेच उभे राहिले. तिसरी लाट येऊन गेली होती, चौथीही. त्यांनी मोजायचं सोडलं होतं. खरं सांगायचं तर लाटा बाहेरच्या दांड्यावरच फुटत होत्या. इतक्या खोल ओहोटीला आत येण्यापुरतं पाणीच नव्हतं.

"होडीत उतरतेस का?" अक्कानं विचारलं.

मुलीनं होडीकडं पाहिलं, मग लाँचच्या छपराकडं. "नको. इथं सावली आहे." ती बाकावर मागं टेकली. मग बापाकडे न बघता म्हणाली, "उशी असली तर द्या."

मास्तरांनी होडीतून उशी घेतली, डोक्यावर धरून नेली आणि कठड्यावरून वर दिली. ती तिनं घेतली. पाठीमागं सरकवली. मास्तर तिथंच, तिच्या बाकाखाली, लाँचला हात लावून उभे राहिले. हात लावून काही होत नाही हे त्यांना कळत होतं. मुकादमानं सदरा झटकून अंगात घातला. कोणीतरी सारंगाला विचारलं की आता किती वेळ, आणि सारंगानं ते मास्तरांना विचारलं. मास्तरांनी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांना कुठलाही आकडा सांगायचा नव्हता.

पावणेदोनला भरतीचं पाणी चढलं आणि लाँच आपोआप तरंगली.